गुच्छातले वाटसरू

मी तारे दिवसा पाहतो. हे सांगितलं की लोक हसतात आणि मी त्यांना हसू देतो, कारण एवढा एकच विनोद मला नीट जमतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज आहे. तिथल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सकाळी अकरा ते दुपारी चार, वीज असली तर, मी कंप्युटरसमोर बसून तारे पाहतो. एक लहानशी दुर्बीण होती. तिच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं आणि ते मोडायला माझं मन धजलं नाही, असं मी सांगत असतो. खरं तर मला आळस आला.

माझं हे असंच आहे. आळसाला दया म्हणायचं, भित्रेपणाला सबुरी म्हणायचं. वय छप्पन, आता खोड मोडणं कठीण. पण एका गोष्टीला मी आजवर जे नाव देत आलो ते साफ खोटं आहे, आणि ते निदान कागदावर तरी बदलावं म्हणून लिहायला बसलो आहे. माझ्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या एका बाईचं काम मी अडवलं. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं की मार्गदर्शक म्हणून माझं मत वेगळं होतं. माझं मत अजिबात वेगळं नव्हतं.

ते काम काय होतं हे आधी सांगायला हवं. वायू आणि धुळीच्या एकाच ढगातून शेकडो तारे एका वेळी जन्मतात आणि बराच काळ सोबतीनं चालतात. त्यांना खुला तारकागुच्छ म्हणतात. कृत्तिका सगळ्यांच्या ओळखीच्या, तोही असाच एक गुच्छ. पुढं हळूहळू गुच्छ विरतो, तारे आपापल्या वाटेनं निघून जातात. अशा गुच्छाचं अंतर किती, वय किती, तो आला कुठल्या ढगातून, हे शोधण्यात माझी उमर गेली. वय काढायची रीत सोपी आहे. प्रत्येक ताऱ्याचा रंग आणि तेज घेऊन एक आलेख काढायचा. एका वेळी जन्मलेले तारे त्या आलेखावर एका रेषेत बसतात. ती रेषा वरच्या टोकाला जिथं वळते तिथून वय कळतं, कारण मोठे, निळे, तापट तारे आधी सरतात. तापट माणसांचंही तसंच, असं मी वर्गात म्हणतो, आणि पोरं माझ्याकडे बघून हसतात.

अवघड काम त्याच्या आधीचं असतं. आकाशात गुच्छाच्या जागी दिसणारा प्रत्येक तारा गुच्छातला नसतो. कोणी आपल्या अलीकडे असतो, कोणी फार पलीकडे. जमिनीवरून पाहणाऱ्याला सगळे एकाच ठिकाणी दिसतात. गुच्छातल्यांना आम्ही सभासद म्हणतो. उरलेल्यांना मी वाटसरू म्हणतो. सभासद कोण आणि वाटसरू कोण हे नीट ठरलं की बाकीचं नुसतं गणित. ते चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

वृश्चिकाच्या शेपटीजवळ एक मंद गुच्छ आहे. त्याला नाव नाही, यादीतला एक नंबर आहे. तरुणपणी दूरच्या एका वेधशाळेत मला थोडा वेळ मिळाला होता, तेव्हा मी त्याचे फोटो घेतले आणि त्याचं वय काढलं. आलेखावरची रेषा हवी त्याहून जाड आली होती. मधल्या धुळीमुळे काही तारे जास्त मंद दिसतात, काही कमी, म्हणून रेषा जाड, असं मी लिहिलं. तपासणाऱ्यांना ते पटलं, पेपर छापून आला. त्या पेपरवर मला मार्गदर्शकाची मान्यता मिळाली. वर्तमानपत्रात फोटो आला, तो प्राचार्यांनी काचेच्या चौकटीत घालून आपल्या खोलीबाहेर लावला. धानाच्या बांधीत रोवणी करत वाढलेला मी एकदम ‘तारेवाले सर’ झालो. घरी मले-तुले करत मोठा झालो होतो. ते नागपुरात शिकताना जिभेवरून खरवडून काढलं आणि कॉलेजात तर सरळ पुण्याहून आल्यासारखा बोलायला लागलो. इथले लोक पाठीमागं हसत असणार. हसू देत.

ती माझीच बी.एस्सी.ची विद्यार्थिनी. एटापल्ली तालुक्यातल्या एका गावची, गोंड. एम.एस्सी. झाली, प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झाली आणि आमच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला आली. तासिका तत्त्व म्हणजे शिकवाल तेवढेच तास तुम्ही कॉलेजचे. सुट्टी लागली की तुमची खुर्ची दुसरा कोणी वापरतो. अशी सात वर्षं तिनं काढली होती. वयानं पस्तिशी ओलांडली होती. कॉलेजात कायमची एक जागा निघणार होती आणि त्या जागेला पीएच.डी. लागत होती. ती झाली की जागा तिचीच, असं सगळे धरून चालले होते. तिचं पुढचं आयुष्य माझ्या सहीवर अडलं होतं. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

विषय मीच दिला. माझाच गुच्छ, नव्या मोजमापांनी. युरोपच्या एका उपग्रहानं शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांची जागा, अंतर आणि आकाशातली बारीकशी सरकण मोजून ठेवली आहे. ती माहिती कोणालाही घरबसल्या उतरवून घेता येते. जगातल्या मोठ्या वेधशाळेतल्या माणसाला जे मिळतं तेच आमच्या प्रयोगशाळेत मिळतं, फक्त आमच्याकडे मध्येच वीज जाते. वीज गेली की मी चहाला जायचो. ती आलेखाचा कागद काढायची आणि पेन्सिलीनं एकेक ठिपका मांडत बसायची. मी परत येईपर्यंत तिचे चाळीस-पन्नास तारे मांडून झालेले असायचे. तिच्याकडून मला काय हवं होतं, तेही सांगून टाकतो. मला माझ्या जुन्या उत्तरावर नवा शिक्का हवा होता.

एका दुपारी तिनं असाच एक कागद माझ्यापुढं ठेवला. ताऱ्यांच्या सरकण्याचा आलेख होता. गुच्छातले तारे एकाच दिशेनं, एकाच गतीनं सरकतात, म्हणून या आलेखावर त्यांचे ठिपके एका जागी गोळा होतात. तिच्या कागदावर ते दोन जागी गोळा झाले होते. एक मोठा गोळा आणि त्याला जवळजवळ चिकटून एक लहान.

“सर, हे एक नाई वाटून राह्यलं मले,” ती म्हणाली. “दोन हायेत.”

मी म्हटलं, मोजणीतली चूक असेल.

“चूक असती तं सगळीकडं पसरली असती ना, सर. दुसऱ्या एकाच जागी काऊन गोळा झाली असती?”

उत्तर नसलं की मी आवाज चढवतो, हे माझ्या घरच्यांना पाठ आहे. “या गुच्छावर मी काम केलं तेव्हा तू शाळेत होतीस,” असं मी म्हणालो. कागद मात्र तिनं घडी घालून जपून ठेवला.

पुढच्या महिन्यात तिला विद्यापीठाच्या समितीसमोर कामाची प्रगती मांडायची होती. समितीत पुण्याहून आलेले एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. त्यांच्यासमोर आपली शोभा होऊ नये म्हणून मी आदल्या दिवशी तिच्याकडून दोनदा सराव करून घेतला. दोन गोळ्यांचा आलेख काढून टाक, असं मी सांगितलं नव्हतं. शेवटी दाखव आणि अजून तपासणी चालू आहे म्हण, एवढंच सांगितलं होतं. ती सुरुवातीला छान बोलली. मग तो आलेख पडद्यावर आला आणि तिच्या बोलण्यात तिचं गाव उतरलं. मी खुर्चीत चुळबुळ करायला लागलो. पुण्याच्या प्राध्यापकांनी विचारलं, “दोन्ही एकाच जागी दिसतात, अंतरही फार वेगळं नाही. मग वेगळे आहेत असं तुम्ही कशावरून म्हणता?”

तिनं हातातली काठी पडद्यावरच्या दोन्ही गोळ्यांवरून फिरवली.

“सर, आमच्या इकडं आठवडी बाजारात सगळे एकाच जागी उभे दिसतात. पण सोयरीक कराची म्हटली का पयले विचारतात, तुमचे देव किती? कोणी चार देवाचे रायतात, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. ज्याईचे देव सारखे ते भाऊभाऊ, त्याईच्यात लगन होत नाई. तोंड पाहून हे समजत नाई, विचाराच लागते. एका बाजारात उभे हायेत म्हून काई एका घरचे नाई होत. मी ताऱ्याईले तेच विचारलं, बाबा, तू कोणाच्या संगं चालून राह्यला? तं दोन उत्तरं आले.”

प्राध्यापक पुढं झुकले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. हे मला आजही स्पष्ट दिसतं, कारण त्याच क्षणी मी तोंड उघडलं.

“माफ करा सर,” मी हसत म्हणालो, “आमच्या भागात गणित अडलं की लोकांना देव आठवतो.”

सगळे हसले. प्राध्यापकही सभ्यपणे हसले आणि त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं. तीही थोडी हसली. मोठ्या माणसानं टिंगल केली की आपण हसतो, तेवढंच. मग तिनं हातातली काठी टेबलावर ठेवली आणि उरलेलं एका दमात वाचून दाखवलं.

मला त्या वेळी तिची लाज वाटली होती. तिच्या मले-तुलेची, तिच्या देवांची, त्या बाजाराची. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच होतं. आणि आम्ही कुठले मोठे वेगळे? माझ्या सोयरिकीच्या वेळी माझ्या आईनं मुलीकडच्यांना कुळी विचारली होती, देवक विचारलं होतं, आणि ते दोन्हीकडे एकच नाही म्हटल्यावरच चहा पुढं केला होता. तिनं जे सांगितलं त्याहून सरळ शब्दांत सभासद आणि वाटसरूंमधला फरक मला तीस वर्षांत कोणाला समजावता आला नव्हता. समितीनं लिहिलं की विद्यार्थिनी आणि मार्गदर्शक यांनी हा मुद्दा आपसात निकाली काढावा.

त्याच दिवशी पाहुण्यांना बसमध्ये बसवून मी पाचच्या सुमारास प्रयोगशाळेत परत आलो. ती घरी गेली होती. तिची ताऱ्यांची यादी कंप्युटरवर होतीच. तिच्या म्हणण्याप्रमाणे मी दोन्ही गोळे वेगळे केले आणि दोघांचा रंग-तेजाचा आलेख पडद्यावर एकत्र काढला. माझी जाड रेषा तिथं नव्हतीच. तिच्या जागी दोन बारीक, स्वच्छ रेषा होत्या, दोन शेतांमधल्या धुऱ्याएवढी जागा मध्ये सोडून. एक खूप वर जाऊन वळत होती, म्हणजे तरुण गुच्छ. दुसरी खालीच वळली होती, म्हणजे जुना. दोन वेगळ्या ढगांतून, दोन वेगळ्या काळात आलेले गुच्छ आता योगायोगानं एकमेकांजवळून चालले होते. मधल्या धुळीची गरजच नव्हती. आणि मी छापलेलं वय त्या दोघांच्या बरोबर मधलं होतं. म्हणजे त्या वयाचा तिथं कोणीही नव्हता.

मला काही जुनं फेकवत नाही, केलेलं काम पुसवत नाही. मी त्या आलेखाची फाईल ‘तपासणी’ नावानं साठवली, कंप्युटर बंद केला आणि घरी गेलो. जेवताना बायकोनं विचारलं, आज तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, पाहुण्यांची दगदग झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. मी तिला खुर्चीही देऊ केली नाही.

“मी स्वतः करून पाहिलं,” मी म्हणालो. “काही नाही त्यात. तो लहान गोळा वाटसरूंचा आहे. काढून टाक आणि पुढं लिहायला घे.”

“तुमी सोता पाह्यलं, सर?”

“हो.”

“बरं जी,” ती म्हणाली.

असं का केलं याची कारणं मी पुष्कळ दिवस गोळा केली, पण एकही टिकलं नाही. माझी नोकरी जाणार नव्हती, कोणी मला हसणार नव्हतं. जुनं उत्तर नव्या मोजमापानं बदलणं हे आमच्या धंद्यात रोजचं आहे. मी दोन ओळींचं पत्र पाठवलं असतं तर उलट लोकांनी शाबासकी दिली असती. फक्त काचेच्या चौकटीतल्या कात्रणाखालून जाताना मला मान खाली घालावी लागली असती. तेवढ्यासाठी मी तिचं नुकसान केलं. आणि ज्या मुलीला ‘शाळेत होतीस’ म्हटलं तिच्यासमोर ‘तुझं बरोबर’ म्हणायला जीभ रेटली नाही, हेही होतंच.

त्यानंतर पंधरा दिवस ती रोज येत होती. तास घ्यायची, प्रयोगशाळेत येऊन कंप्युटरपुढं बसायची, लिहायची मात्र काही नाही. एकदा मी टाचणं काढत होतो तेव्हा ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“सर, मले काई सांगाचं होतं का तुमाले?”

“हो,” मी म्हणालो, “दुसऱ्या वर्षाच्या प्रयोगवह्या तपासून टाक.”

तिनं वह्या उचलल्या, तपासल्या, परत आणून दिल्या. पंधरा दिवसांनी तिनं प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि नोंदणी रद्द करायचा अर्ज पुढं केला. घरी अडचण आहे, म्हणाली. कसली अडचण, ते मी विचारलं नाही. मी फार चटकन सही केली. पुढं त्या कायमच्या जागेवर बाहेरचे एक गृहस्थ आले. माणूस चांगला आहे, शिकवतोही चांगला. त्याचा यात काही दोष नाही. ती एटापल्लीकडे एका आश्रमशाळेत गणित-विज्ञान शिकवायला लागली, असं कोणीतरी सांगितलं. बरं झालं, घराजवळ गेली, असं मी म्हटलं, आणि लोकांनीही मान हलवली.

दोन वर्षं गेली. एका सकाळी साडेअकराला, पंख्याखाली, मी परदेशातल्या एका गटाचा नवा पेपर उघडला. यादीतला तो नंबर. दोन गुच्छ, एक तरुण, एक जुना, दोघांचा उगम वेगळा. शेवटाकडे एका वाक्यात माझ्या जुन्या पेपरचा उल्लेख होता: आधी काढलेलं एका गुच्छाचं वय आता ग्राह्य धरता येत नाही. मला त्या वाक्याचं काहीच वाटलं नाही. पण मग त्यांचा ताऱ्यांच्या सरकण्याचा आलेख पाहिला. तिनं पेन्सिलीनं काढला होता, अगदी तोच.

घरी जाऊन मी बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. मी चुकलो, तिचं बरोबर होतं, एवढं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मंग तिले सांगा. फोनवर नोका सांगू. जाऊन सांगा.”

मी पेपर छापून पिशवीत घातला आणि निघालो. गडचिरोली, पुढं आलापल्ली, तिथं मुक्काम, सकाळी एटापल्लीची बस. सूरजागडच्या खाणीकडून येणारे ट्रक एकामागं एक भेटत होते, आणि त्यांच्या धुळीनं दोन्ही बाजूंच्या झाडांची पानं लाल झाली होती. मी रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. मी चुकलो. तुझं नुकसान झालं. जमेल ते भरून देतो. तीन वाक्यं होती, पाठ करायला काही कठीण नव्हती.

आश्रमशाळेच्या आवारात मोहफुलं वाळत घातली होती. ती वर्गातून बाहेर आली, मला पाहून थबकली आणि मग हसून म्हणाली, “या जी, सर. जेवण झालं का?” नाही म्हटल्यावर तिनं आधी मला भात, वरण आणि अंबाडीची भाजी वाढली, स्वतः समोर बसून राहिली, माझ्या बायकोची, प्राचार्यांची, दुर्बिणीतल्या कुंभारमाशीची चौकशी केली. जेवण होईपर्यंत तिनं मी का आलो ते विचारलं नाही.

हात धुऊन मी कागद तिच्यापुढं ठेवला. तिनं पहिलं पान वाचलं आणि पुढची पानं भराभर उलटून रंग-तेजाच्या आलेखावर गेली. तिचा चेहरा एकदम उजळला. त्यावरच्या एका रेषेवरून बोट फिरवत ती वळणापाशी थांबली.

“हेच, सर! हेच वळण. पाहा जी, या रेघाबी मी पेन्सिलीनं मांडून पाह्यल्या होत्या, माह्या कागदावर इथीच आलं होतं.” मग पुन्हा पहिल्या पानाकडे जाऊन म्हणाली, “मोठं नीट काम केलं त्याईनं.”

तिचा आनंद खरा होता. तो बघणं मला फार जड गेलं. ती रागावली असती, रडली असती, तर माझी तीन वाक्यं उपयोगी पडली असती.

“हे तुझं काम होतं,” मी म्हणालो. “मी चुकलो. तू परत नोंदणी कर, मी सगळं…”

“आता काय शोधू, सर?” ती शांतपणे म्हणाली. “शोधलं ना त्याईनं. थेसिसमधी नवं लागते.” तिनं कागदांच्या कडा जुळवल्या आणि माझ्याकडे पाहिलं. “तुमाले कवा समजलं?”

मी दोन दिवसांचा प्रवास करून याच प्रश्नासाठी आलो होतो. उत्तर तोंडाशी होतं: त्याच संध्याकाळी, पाच वाजता. पण चुकलेला माणूस वेगळा आणि खोटं बोललेला माणूस वेगळा. चुकलेला म्हणून तिच्या हातचा भात मी खाल्ला होता. दुसरा माणूस तिथं बसू शकला नसता.

“मागच्या महिन्यात,” मी म्हणालो. “हा पेपर वाचला तेव्हा.”

“बरं जी,” ती म्हणाली.

परतीची बस तीनची होती. तिला एक तास मोकळा होता, म्हणून ती मला फाट्यापर्यंत पोचवायला आली. वाटेत तिनं शाळेबद्दल सांगितलं, यंदा पीक बरं झालं म्हणाली. मला हलकं वाटायला लागलं होतं. निभावलं, असं मनात आलंसुद्धा. फाट्यावर झाडाखाली उभे असताना ती रस्त्याकडे पाहत बोलायला लागली.

“सर, लॅबमधला कंप्युटर आपुन दोघंच वापरत होतो.”

मी हो म्हणालो.

“तुमी ‘काई नाई त्यात’ म्हटलं, त्याच दुपारी मी तो लावला. तपासणी म्हून फाईल होती. दोन रेघा. फाईलीवर तारीख रायते, वेळबी रायते.”

तिचा आवाज चढला नव्हता. वर्गात एखादी पायरी समजावून सांगताना जसा असायचा तसाच होता.

“मले वाटलं, तुमी सांगाल. मोठ्या माणसाले थोडा टाइम लागते. म्हून पंधरा दिवस थांबली मी. एक डाव तुमाले विचारलंबी.” मग म्हणाली, “आजबी विचारलं.”

मी तोंड उघडलं होतं, एवढं आठवतं. तेवढ्यात वळणावर बस दिसली आणि तिनं हात दाखवून ती थांबवली. माझी पिशवी तिनंच आत दिली. पेपर तिनं ठेवून घेतला होता, पिशवी अगदी हलकी होती.

“खिडकीपाशी नोका बसू, सर,” ती खालून म्हणाली. “ट्रकाईची धूळ येते.”